कवेलू फेरायचे दिवस

थेंब जिथे पडतो तिथे छप्पर गळत नसतं. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात भर आषाढात भांडं ठेवलं जातं ते देवघराच्या कोपऱ्यात, आणि पाणी आत शिरलेलं असतं तिथून आठ-दहा हात वर, आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या माथ्याशी. मधलं अंतर ते वाशाच्या पोटाखालून चालत येतं. वाशाला गाठ असेल, खिळा असेल, रीप, म्हणजे वाशांवर ठोकलेली पट्टी, आडवी आली असेल, तिथे ते थबकतं आणि थेंब होऊन सुटतं. म्हणून भांड्याच्या नेमकं वर चढून तिथला कवेलू, म्हणजे कौल, बदलणं हा सगळ्यांत जास्त केला जाणारा आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा इलाज आहे. त्या खटाटोपात पायाखाली आणखी चार फुटतात ते वेगळंच.

गळती शोधायला दोन माणसं लागतात. एक आत बॅटरी घेऊन, एक बाहेर शिडीवर पाण्याची नळी घेऊन. पाणी खालून सुरू करायचं. आधी वळचणीच्या दोन ओळी, दहा मिनिटं. मग त्यांच्यावरच्या दोन. असं करत आढ्यापर्यंत जायचं. वरून सुरुवात केली की पाणी सबंध पाख्यावरून, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूवरून, वाहतं आणि ते कोणत्या ओळीतून आत आलं हे कळायला मार्ग उरत नाही. आतल्या माणसाने वाशांच्या खालच्या कडेवर नजर ठेवावी. जुन्या पाण्याच्या वाटा तिथे उन्हाळ्यातही दिसतात: काळपट पट्टा आणि त्याच्या काठाला पांढुरकी रेघ.

एवढं केलं की बहुतेक घरांत एक गोष्ट लक्षात येते. कवेलू फुटल्यामुळे आलेलं पाणी थोडं असतं. जास्त पाणी येतं ते कवेलू सरकल्यामुळे, भिंतीच्या सांध्यातून, आणि दोन पाखी आतल्या कोनात मिळतात त्या पन्हळीतून. कारण साधं आहे. या छपराची रचनाच दरवर्षी त्याच्यावर कुणाचा तरी हात फिरेल असं धरून केलेली आहे. उन्हाळ्यात, मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, म्हणजे उचलून पुन्हा रचायचे, पालापाचोळा झाडायचा, सरकलेले जागेवर बसवायचे, तडकलेले बदलायचे, ही त्या रचनेतलीच एक बाब होती, खांबासारखी किंवा म्यालीसारखी, म्हणजे तुळईसारखी. ती बाब आपण काढून घेतली आणि मग छप्पर टिकत नाही म्हणू लागलो. हे छपरावर अन्याय करणारं आहे.

नागपूरच्या जुन्या घरांवर दोन जातीचे कवेलू दिसतात आणि दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. एक गावरानी: कुंभाराच्या चाकावरून उतरलेला, अर्ध्या नळीसारखा, एका टोकाला निमुळता. खालची ओळ उताणी, तिच्यावर दोन ओळींच्या फटी झाकणारी पालथी ओळ. दुसरा मंगलोरी: साच्यातला, सपाट, कडांना खाचा असलेला, एकमेकांत अडकणारा. बासेल मिशनने मंगळूरला हा कारखाना काढला १८६५ साली, आणि रेल्वे नागपुरात पोचली १८६७ मध्ये. म्हणजे त्याआधीच्या वाड्यावर आज मंगलोरी असेल तर ते त्याचं मूळ छप्पर नव्हे; जुने वासे तेच ठेवून वर कधीतरी नवी जात चढवलेली आहे. ही गोष्ट नुसती इतिहासाची नाही. गळतीचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

गावरानी कवेलू वाकड्या लाकडाला सांभाळून घेतो. वासा इंचभर झुकला, बांबूच्या कामट्या खालीवर झाल्या, तरी नळीवर नळी बसते. मंगलोरीला हे चालत नाही. त्याची खाच शेजारच्याच्या खाचेत काही मिलिमीटरच्या हिशेबाने बसायची असते. खालचं पाखं एका पातळीत नसेल तर खाच उघडी पडते आणि वाऱ्याबरोबरचं पाणी सरळ आत येतं. मिस्त्री मग फटीत सिमेंट भरतो. दोन उन्हाळ्यांत ते सुटतं आणि सुटताना कवेलूची कड घेऊन जातं. कवेलू बदलून हे दुरुस्त होत नाही. वाशांवर दोरी ताणून बघावी लागते. दोरीखाली २० मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसेल तिथे वाशाच्या पाठीवर सागाच्या पट्ट्या ठोकून पातळी उचलायची आणि मगच रिपा मारायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, दिसत नाही, आणि यावरच पुढची वीस-तीस वर्षं अवलंबून असतात.

आता लाकूड. वाड्याचा वासा मधून कुजत नाही, भिंतीत शिरलेल्या टोकाला कुजतो. मातीची किंवा चुन्याची भिंत ओल धरते, टोकाला हवा लागत नाही, आणि बाहेरून रंग दिलेला वासा ठणठणीत दिसत राहतो. लहान हातोडीने टोकापासून मधल्या भागाकडे ठोकत जायचं. धड लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द आवाज देतं. मग त्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर टोक गेलं. उधईची, म्हणजे वाळवीची, वाट वेगळी असते. भिंतीवरून चढलेली मातीची बारीक नळी, आणि आत लाकडाच्या रेषांच्या दिशेने पोकळ पन्हळी. जुन्या सागाचा गाभा उधई सहसा सोडून देते. ती खाते बाहेरचं पांढरं लाकूड, किंवा मागच्या दुरुस्तीत घुसवलेलं स्वस्तातलं जंगली लाकूड.

टोक गेलं म्हणून सबंध वासा काढू नये. आज त्या जाडीचा, तितका जुना, मुरलेला साग बाजारात मागून मिळत नाही. कुजका भाग धड लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या किमान चौपट, म्हणजे ५ इंच उंचीच्या वाशाला २० इंच, आणि त्यात १२ मिलिमीटरचे तीन बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वायसरसह. सांधा भिंतीच्या आधाराजवळ यावा, वाशाच्या मधोमध कधीच नको. नवं टोक भिंतीत बसवताना खाली दगडाची किंवा सागाची उशी द्यायची आणि बाजूंनी व वरून अर्धा इंच जागा मोकळी सोडायची. इथे गवंडी हमखास चूक करतो: ती जागा त्याला भरायची राहून गेलेली वाटते आणि तो सिमेंटने लिंपून टाकतो. लाकडाचा श्वास तिथेच कोंडतो.

लाकडासाठी नागपूरकराला लांब जायला नको. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग व्यापारात सी. पी. टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) साग, म्हणून ओळखला जातो. दिल्लीच्या नव्या संसद भवनात सागवान गेलं ते नागपूरहूनच. तरी दुरुस्तीसाठी आमची पहिली पसंती पाडलेल्या घरांतून निघालेल्या जुन्या सागाला राहील. ते वाळून संपलेलं असतं. डेपोतलं ओलसर लाकूड एप्रिलमध्ये चढवलं की मेच्या उन्हात ते पीळ घेतं, आणि नुकतीच साधलेली पातळी पुन्हा बिघडते. घेताना त्यातले जुने खिळे काढलेत का हे पाहा. सुताराचा रंधा त्यांच्यावरच मोडतो.

काम काढायचं कधी? रीत उन्हाळ्याची आहे, आणि फेरणीसाठी ती बरोबरच आहे. पण पूर्ण छप्पर उतरवायचं असेल तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ येईपर्यंत थांबू नये. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत तापलेल्या पाख्यावर माणूस सकाळी सहा ते दहापलीकडे काम करू शकत नाही, आणि त्याने करूही नये. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला तोच सुतार हवा असतो. दिवाळीनंतर लाकडाची पाहणी आणि कापणी, संक्रांतीनंतर छप्पर उघडणं, हा क्रम चांगला. संक्रांतीनंतर अशासाठी की महाल-इतवारीत त्या दिवसांत पतंगामागे पोरं छपरांवरून धावतात, आणि नव्याने बसवलेल्या कवेलूंना ते परवडत नाही. फेब्रुवारी-मार्चमधली अवकाळी आणि गारपीट मात्र गृहीत धरायलाच हवी. म्हणून संध्याकाळी ताडपत्रीने झाकता येईल तेवढाच भाग सकाळी उघडायचा. ताडपत्री आढ्यावरून दुसऱ्या पाख्यावर किमान तीन फूट गेली पाहिजे.

घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर त्याआधी वारसा संवर्धन समितीकडे अर्ज लागतो. उघडण्यापूर्वीचे फोटो, उतार, वळचणीची उंची, कवेलूची जात, एवढं मोजून ठेवलं की ते काम सोपं होतं. पुढे सुतारालाही तेच कागद उपयोगी पडतात.

कवेलू उतरवताना एक नियम मोडायचा नाही. दोन्ही पाख्यांवरून सारख्या ओळी, आढ्यापासून खाली. एक पाखं पूर्ण रिकामं आणि दुसरं पूर्ण भरलेलं राहिलं तर सगळं वजन एका बाजूने आढ्याला ढकलतं, आणि शंभर वर्षं एकमेकांवर रेललेली लाकडं त्या एका दुपारी हलतात. वजन किती, तर हिशेब करून बघू. समजा, वाड्याची एक बाजू ३० फूट लांब आणि २४ फूट रुंद आहे. उतार दोनास एक, म्हणजे १२ फुटांच्या अर्ध्या रुंदीला ६ फूट उंची. भिंतीबाहेर वळचण दीड फूट. पाख्याची उतरती लांबी येते सुमारे १५ फूट, आणि दोन्ही पाखी मिळून ९०० चौरस फुटांच्या थोडं वर, म्हणजे ८४ चौरस मीटर. मंगलोरी कवेलू चौरस मीटरला साधारण १५ लागतात. झाले १,२६०, फूटतूट १० टक्के धरून १,४०० मागवायचे. एकेक अडीच किलोचा धरला तरी छपरावर तीन टनांवर वजन आहे. हे तीन टन उतरवून माडीच्या जमिनीवर रचू नका, ती त्यासाठी बांधलेली नाही. खाली वाड्याच्या आतल्या चौकात, उभ्या कडेवर, तीन-चार थरांपर्यंत रचा.

रिपा दोन इंच बाय एक इंच, वासे दीड फुटावर असतील तर. दोन रिपांमधलं अंतर सामान्यतः साडेबारा इंच, पण हा आकडा कागदावरून घेऊ नये. हातात आलेले दहा कवेलू जमिनीवर अडकवून एकदा पूर्ण ताणून, एकदा पूर्ण आवळून मोजायचे आणि मधला आकडा धरायचा. वरच्या उदाहरणात एका पाख्यावर १६ रिपा येतात, दोन्ही मिळून ९६० फूट. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कवेलूच्या जाडीइतकी उंच हवी. पहिल्या ओळीला खाली टेकायला दुसरा कवेलू नसतो. रीप उचलली नाही तर ती ओळ नाक खाली घालते आणि तिच्यावरचा प्रत्येक सांधा उघडतो. रस्त्यावरून वर पाहताना वळचण झुकलेली दिसणाऱ्या घरांत बहुधा हीच एक रीप चुकलेली असते.

जुने कवेलू टाकायचे नाहीत. एकेक उचलून बोटाच्या सांध्याने वाजवायचा. खणकन वाजला तर ठेवायचा, फुटक्या मडक्यासारखा वाजला तर बाजूला. शेवाळ असेल तर नारळाच्या काथ्याने आणि पाण्याने घासायचं. ॲसिड नको, ते मातीची भाजलेली कातडी खातं. नवे घेताना एक कवेलू कोरडा तोलून २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. वजन २४ टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो माल घेऊ नये. १८ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. एक तोडूनही बघा. मध्ये जाड काळा गाभा दिसला तर भाजणी कच्ची आहे.

मंगलोरीच्या पोटावर कारखान्याची छाप असते, ती वाचायला विसरू नका. दोन कारखान्यांचे कवेलू दिसायला सारखे, पण खाचा जुळत नाहीत. दुरुस्त्या होत गेलेल्या घरावर तीन-तीन छापा मिळतात आणि जिथे छाप बदलते तिथेच गळतं. उपाय बिनखर्चाचा आहे: उतरवताना छापेप्रमाणे ढीग करायचे आणि पुन्हा चढवताना एक छाप एका पाख्यावर. कमी पडले तर त्याच छापेचे पाडकामातून शोधायचे. नव्या मालाने भर घालायची असेल तर ती आतल्या चौकाच्या बाजूला, पूर्ण पाखं एकसंध ठेवून. गावरानीला ही अडचण नाही, पण ते बनवणारे हात आता फार थोडे उरले आहेत. म्हणून गावरानी उतरवताना प्रत्येक नळी जपावी. किती लागतील याचा आकडा सांगता येत नाही, कारण प्रत्येक भट्टीचं माप वेगळं; दहा फूट बाय दहा फूट मांडून मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

आतल्या कोनाची पन्हळ, जिला मिस्त्री व्हॅलीच म्हणतात, ती चौक असलेल्या वाड्यात चार ठिकाणी असते आणि चारही ठिकाणी दोन-दोन पाख्यांचं पाणी एकत्र येतं. इथे हात आखडू नये. २२ गेजचा जस्ती पत्रा, दोन फूट रुंद, दोन्ही कडा वर दुमडलेल्या, खाली फळीचा सलग आधार. कवेलू दोन्ही बाजूंनी पत्र्यावर चार इंच यायला हवेत आणि मध्ये हात फिरेल एवढी मोकळी वाट राहायला हवी. वाट अरुंद ठेवली की पिंपळाची पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि पत्र्याच्या कडेवरून आत उतरतं.

भिंतीचा सांधा आजकाल सगळ्यांत अवघड झाला आहे. शेजारचा वाडा पडतो, तिथे तीन मजली इमारत उभी राहते, आणि आपलं पाखं तिच्या भिंतीला जाऊन टेकतं. तिथे सिमेंटचा वाटा मारतात, म्हणजे कोपरा सिमेंटने तिरपा भरून घेतात. पण लाकूड उन्हात-पावसात हलतं, काँक्रीटची भिंत हलत नाही. मधला वाटा पहिल्याच वर्षी चिरतो. भिंतीत इंचभर खोल खाच मारून त्यात पत्र्याची वरची कड अडकवायची, खाच चुन्याने बंद करायची, आणि पत्र्याची खालची कड कवेलूवर सहा इंच मोकळी सोडायची. पत्रा भिंतीला बांधलेला, छपराला नाही. हलणारं हलू द्यायचं. शेजाऱ्याच्या गच्चीचं पाणी आपल्या पाख्यावर सोडलेलं असेल तर ते आधी बोलून वळवा. त्या एका धारेसमोर कोणतंच कवेलूचं छप्पर टिकत नाही.

आढ्याचे कवेलू एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू अशा मसाल्यात बसवावेत. वणीकडचा चुना जवळच मिळतो. कळीचा (न विझवलेला) चुना असेल तर विझवून दोन आठवडे भिजत ठेवावा. नुसतं कडक सिमेंट वापरलं तर उन्हात तडा मसाल्याला न जाता कवेलूला जातो.

कवेलूखाली प्लास्टिक टाकायचा मोह फार होतो. सपाट फळ्यांवर ताणून टाकलेलं प्लास्टिक खालून येणारी वाफ अडवतं आणि वासे वरून नाही, पोटातून कुजायला लागतात. टाकायचंच असेल तर वाशांच्या पाठीवर उभ्या इंचभर पट्ट्या मारून, वर आडव्या रिपा, म्हणजे कवेलूखालून हवा आणि चुकार पाणी दोन्ही वळचणीकडे निघून जातील. कवेलूवर गच्चीचा वॉटरप्रूफ रंग फासणं तर सरळ नुकसानीचं आहे: ओल आत कोंडते आणि पुढे कवेलू पापुद्र्यांनी सुटतो.

यापेक्षा पत्रा किंवा स्लॅब बरा, असं म्हणणारे घरातच असतात, आणि त्यांची दमणूक खरी असते. तरी हिशेब मांडायला हवा. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातो. कवेलू चाळीसच्या आसपास. मातीत रचलेल्या भिंतींवर सात-आठपट वजन ठेवायचं की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठरवू नये. पत्रा उलट फार हलका. इतकी वर्षं वजनाने दाबून धरलेली लाकडं मोकळी होतात, आणि वावधानात, म्हणजे वादळी वाऱ्यात, पत्रा रिपांसकट उचलला जातो. मेमधली दुपार पत्र्याखाली कशी जाते हे नागपुरात कुणाला सांगायला नको. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. त्याच फटींना आपण दोष देत असतो.

वानरांचा त्रास मात्र खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. छपरावर येणाऱ्या फांद्या मागे छाटायच्या. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन आणि कडेचे सगळे कवेलू मागच्या भोकातून जस्ती तारेने रिपेला बांधायचे. बांधलेला कवेलू फुटतो, पण सरकत नाही, आणि फुटका शोधणं सोपं.

छप्पर उघडं असतानाच जुनी वायरिंग काढून घ्या. वाशांवरून गेलेल्या, कापडी वेष्टनाच्या तारा वर धूळ आणि चिमण्यांची घरटी घेऊन बसलेल्या असतात. भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला, हे याच गावात घडलेलं आहे. नव्या तारा लोखंडी पाइपातून, लाकडापासून दूर.

वळचणीखालच्या पन्हळीला दहा फुटांना एक इंच उतार. ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर चार इंची पाइप ४२ चौरस मीटरचं पाणी नेतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या एका पाख्याला एक. त्याचं तोंड पायाजवळ न सोडता सहा फूट पुढे, शक्य असेल तर वाड्याच्या विहिरीकडे.

पहिल्या पावसात नव्या कवेलूंच्या पोटाशी ओल दिसेल. घाबरू नये, धूळ छिद्रांत बसत गेली की ती एक-दोन पावसाळ्यांत कमी होते. थेंब सुटत असेल तर वाशावर खडूने गोल करायचा, शेजारी तारीख लिहायची, आणि वर चढायचं नाही. ओला कवेलू निसरडा असतो. उघडीप पडली की शिडी आढ्याला अडकवायची, पाय कवेलूच्या मधोमध न ठेवता खाली रीप आहे त्या ओळीवर टाकायचा, आणि खडूच्या गोलाच्या वरच्या बाजूला शोध घ्यायचा. बदलीसाठी त्याच छापेचे शंभर कवेलू चौकाच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले असावेत.